हा लाँग बे : जहाजावरच्या मुक्कामाचे नाशिककरांचे अनुभव

मुंबईहून हनोईला थेट विमान, घरबसल्या ई-व्हिसा, आणि हनोईहून महामार्गाने अडीच-तीन तासांत हा लाँग बे या बेटांनी भरलेल्या उपसागराचं बंदर. त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण हल्ली व्हिएतनामला जाऊन येतायत. जहाजावर राहून आलेल्यांनी इथे लिहावं. महिना कोणता होता, जेवणाचं काय झालं, घरच्या ज्येष्ठांना कितपत झेपलं, हे आवर्जून सांगा. सुरुवात मी करते.

गंगापूर रोड
सासूबाई सोबत होत्या. तीतॉप बेटावर माथ्यापर्यंत चारशेच्या वर पायऱ्या आहेत; त्या खाली वाळूत बसल्या आणि मजेत होत्या. सुंग सोत गुहेत मात्र चढउतार चुकत नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी तिथे जहाजावरच थांबावं.
रात्री नांगर टाकल्यावर पाण्यावर दिवा सोडून माकुल (स्क्विड) पकडतात. गळाला लागलेली माकुल मी हातभर अंतरावरून पाहिली. काचेसारखं अंग, त्यात तपकिरी ठिपके उमटत होते, विरत होते. मग तिने डेकवर काळी शाई सोडली. खलाशाने तिला परत पाण्यात टाकलं, तेव्हा माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या.
पहाटे मात्र झोपू नका. डेकवर ‘ताई ची’ हा संथ चिनी व्यायाम शिकवतात, पण मला त्यापेक्षा धुक्यातून एकेक डोंगर वर येताना बघणं आवडलं.

पंचवटी
आम्ही जैन. तिथे भाजीतसुद्धा फिश सॉस पडतो, त्यामुळे नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. बुकिंग करतानाच ‘अन चाय’ असं लिहून कळवा. बौद्ध लोकांचं शाकाहारी जेवण ते, त्यात फिश सॉस नसतो. कांदा-लसूण नको हे तरी वेगळं सांगाच. आचाऱ्याने आमच्यासाठी टोफू आणि रताळी वेगळ्या कढईत केली. तरी थेपले आणि मेतकूट बरोबर असू द्या.

इंदिरानगर
ट्रेकर म्हणून सांगतो, अंजनेरी-ब्रह्मगिरी चढलेल्याला हे डोंगर फार वेगळे वाटतात. आपला दगड लाव्हाचा, थरावर थर बसलेला. तिथला चुनखडीचा. पावसाच्या पाण्याने तो विरघळत गेला, पुढे समुद्र आत शिरला, आणि उरले ते सुळके बेटं झाले. कयाकमधून अगदी जवळ गेलात तर पायथ्याशी लाटांनी आत कोरलेली खाच दिसते. वरचा कडा डोक्यावर झुकलेला असतो. युनेस्कोने 1994 मध्ये सौंदर्यासाठी हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत घेतलं आणि 2000 मध्ये भूशास्त्रासाठी पुन्हा गौरवलं. माझ्या मते दुसरं कारण जास्त मोलाचं.

सिडको
आमचं ऑगस्टमध्ये होतं. वादळाचा इशारा आला आणि बंदरातून जहाजं सोडणंच बंद झालं. ते योग्यच होतं. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये यागी वादळाने त्या किनाऱ्याची काय दशा केली ते सगळ्यांनी वाचलंय. राग आला तो आमच्या एजंटाचा. पैसे परत द्यायला त्याने महिनोन्‌महिने लावले. जून ते सप्टेंबर जाणार असाल तर रद्द झाल्यास काय, हे लेखी घ्या. शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा.

नाशिकरोड
आम्ही गर्दी टाळायला कात बा बेटाजवळच्या ‘लान हा बे’ या उपसागरात गेलो. तेच सुळके, पण जहाजं कमी. आमची होडी वल्हवणाऱ्या मावशींचं बालपण हा लाँगमधल्या तरंगत्या गावात गेलेलं. 2014 च्या सुमारास तिथली बहुतेक कुटुंबं सरकारने किनाऱ्यावर हलवली. मुलांना शाळा मिळाली, असं त्या म्हणाल्या, आणि रात्री जमिनीवर झोप येत नाही असंही.

कॉलेज रोड
फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन जातोय. बोट लागेल का? थंडी कितपत?

गंगापूर रोड
दादा, बेटांमुळे आत लाटा फारशा येतच नाहीत, सासूबाईंना काही त्रास झाला नाही. तरी खालच्या मजल्यावरची खोली मागा. फेब्रुवारीत धुकं आणि रिमझिम असते, स्वेटर आणि कानटोपी घ्याच.