टॉसिलेटसाठी सल्फ्युरिक की सल्फर ट्रायऑक्साइड?

धागाकर्ता: सोडियम टॉल्युइनसल्फोनेट (टॉसिलेट, म्हणजे टॉल्युइनला सल्फोनेट गट जोडून केलेला क्षार) म्हटलं की हल्ली जो तो सल्फर ट्रायऑक्साइडच्या मागे. माझं मत उलटं. बॅच लहान असेल तर जुनं सल्फ्युरिक अ‍ॅसिडच बरं. टॉल्युइन जास्त घ्या, डीन-स्टार्क (थंड झालेल्या वाफेतलं पाणी वेगळं धरणारा काचेचा सापळा) लावा आणि उकळत ठेवा. टॉल्युइन आणि पाणी जोडीने साधारण ८५ अंशांना उडतात. सापळ्यात पाणी खाली बसतं, टॉल्युइन ओसंडून परत फ्लास्कमध्ये. प्रक्रियेत तयार होणारं पाणी असं निघत राहिलं की अ‍ॅसिड पातळ होऊन प्रक्रिया अडत नाही. शिवाय सापळ्यावरच्या रेघा वाचून काम कुठवर आलं तेही कळतं. याहून सोपं काय हवं?

प्लांटवाला: फ्लास्कमध्ये ठीक आहे हो. पण बरेच जण सापळ्याच्या भानगडीत न पडता सरळ दुप्पट अ‍ॅसिड ओततात, त्याचं काय? जादा अ‍ॅसिड कॉस्टिक सोड्याने मारलं की १९४ ग्रॅम मालामागे १४२ ग्रॅम सोडियम सल्फेट गळ्यात. ट्रायऑक्साइडमध्ये पाणी तयारच होत नाही, त्यामुळे हा कचरा जवळपास नाही.

धागाकर्ता: दुप्पट ओतणाऱ्यांची वकिली मी कुठे करतोय? आणि तुमच्या ट्रायऑक्साइडचा सल्फोन विसरलात. दोन टॉल्युइन एकाच सल्फरला जोडले जाऊन बनणारा हा उपपदार्थ, डायटॉलिल सल्फोन, पाण्यात विरघळत नाही. न्यूट्रल केल्यावर द्रावण गढूळ होतं ते त्यानेच. वर उष्णता इतकी की वायू कोरड्या हवेत पातळ करून सोडावा लागतो. एवढा संसार दहा किलोसाठी?

प्लांटवाला: दहा किलोसाठी कोण म्हणतंय! रोज टनांनी काढायचं असेल तर बोला. सल्फोन गाळून जातो, विरघळलेलं सल्फेट जात नाही.

लॅबवाली: जातं की. कोरडा केलेला माल गरम अल्कोहोलमध्ये घ्या. सल्फोनेट विरघळतं, सल्फेट तळाशी राहतं. आणि दोघांनीही खरा प्रश्न बाजूला ठेवलाय: समघटक, म्हणजे सल्फोनेट गट टॉल्युइनच्या मिथाइलशेजारी (ऑर्थो) बसतो की समोर (पॅरा). सल्फ्युरिकने शून्य अंशाला ऑर्थो ४३ टक्के, पॅरा ५३. शंभर अंशांना ऑर्थो १३, पॅरा ७९. सल्फोनेशन (गट जोडण्याची ही प्रक्रिया) उलटंही फिरतं, म्हणून गरम ठेवलं की ऑर्थो सुटून पॅराकडे झुकतं. डिटर्जंटमध्ये हायड्रोट्रोप (इतर घटक पाण्यात विरघळायला मदत करणारा पदार्थ) म्हणून घालायचं तर मिश्रण चालेल. पॅराच हवं असेल तर मी धागाकर्त्यांच्या बाजूने.

प्लांटवाला: ट्रायऑक्साइडनेही थंडीत पॅराच जास्त येतो, ताई. तिथे सल्फ्युरिकचे आकडे लावू नका.

लॅबवाली: मान्य, ते आकडे सल्फ्युरिकचेच. पण थंड ठेवायचा खर्चही मग तुमच्याच खात्यात मांडा.

नवा सभासद: क्लोरोसल्फॉनिक अ‍ॅसिडचं नाव कोणीच कसं घेत नाही?

धागाकर्ता: सल्फोनिल क्लोराइड हवा असेल तर जरूर घ्या. नुसता क्षार करायला आधी क्लोराइड बनवायचा, मग तोच पाण्याने फोडायचा, आणि दोन्ही वेळा हायड्रोजन क्लोराइड आवरत बसायचं. नको रे बाबा.