बॅकअपची डिस्क एक्सफॅट ठेवू नका

डेबियनकर (धागाकर्ता)
लिनक्सच्या बॅकअपची डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची स्वतःची) किंवा तशाच फाइलसिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीची असावी, असं माझं ठाम मत आहे. बाजारातली डिस्क बहुधा एक्सफॅट (विंडोजवरही चालणारी फाइलसिस्टिम) असते आणि आपण ती तशीच वापरतो. मीही दोन वर्षं वापरली. मशीन नव्याने बसवून होम फोल्डर परत उतरवलं, तर दुसऱ्या मशीनमध्ये दुरून शिरायच्या एसएसएच प्रोग्रॅमने खासगी किल्ली घ्यायलाच नकार दिला. परवानग्या ०७५५ झालेल्या, म्हणजे कोणीही वाचावी अशी किल्ली. एक्सफॅट फाइलचा मालक, परवानग्या, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) यातलं काहीच जपून ठेवत नाही.

खरा धक्का मेलडिरने, म्हणजे प्रत्येक पत्राची वेगळी फाइल ठेवणाऱ्या मेलच्या फोल्डरने दिला. मेल प्रोग्रॅमने एकदा पाहिलेल्या पत्राच्या फाइलनावाला कोलन, दोनचा आकडा आणि स्वल्पविराम अशी शेपटी लागते, आणि एक्सफॅटला नावात कोलन चालत नाही. त्यामुळे न पाहिलेली पत्रं तेवढी डिस्कवर गेली, वर्षानुवर्षांची बाकी सगळी मागे राहिली. चुकांच्या ओळी स्क्रीनवर येत होत्या. मी वाचल्या नाहीत.

सांजवात
असहमत. बॅकअप कोणाला उघडावा लागणार, ते आधी ठरवा. आमच्या घरात लिनक्स वापरणारं माणूस मी एकटंच. मी इस्पितळात असताना बहिणीला विम्याचे कागद हवे होते. तिने माझी ईएक्सटी४ डिस्क तिच्या लॅपटॉपला जोडली, तर समोर विचारणा आली: वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करायची का? तिने आधी मला फोन केला म्हणून वाचलो. किल्लीची परवानगी एका सीएचमॉड आज्ञेने दुरुस्त होते. फॉरमॅट झालेली डिस्क कशाने होणार?

गाठोडं
किल्लीचं ठीक आहे हो, पण ईटीसी आणि व्हार या सिस्टिमच्या फोल्डरांमधल्या हजारो फाइलींचे मालक कोण होते, हे कुठून आठवणार? टार करा, म्हणजे सगळ्या फाइली एकाच फाइलीत बांधा. नावं, मालक, परवानग्या, सिमलिंक सगळं आत बांधलं जातं, मग डिस्क एक्सफॅट असली तरी बिघडत नाही. फक्त जुनी फॅट३२ नको, तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही.

डेबियनकर
टार महिन्याकाठी ठीक, रोज नाही. प्रती काढणाऱ्या आरसिंक प्रोग्रॅमचा लिंक-डेस्ट पर्याय न बदललेल्या फाइलची नुसती हार्डलिंक (त्याच फाइलला आणखी एक नाव) करतो, म्हणून माझ्याकडे ३० दिवसांच्या ३० प्रती सव्वापट जागेत मावतात. एक्सफॅटवर हार्डलिंकच नाही. (आणि आरसिंकला नुसता छोटा ‘ए’ देऊन थांबू नका. मूळच्या हार्डलिंक आणि एसीएल, म्हणजे नेहमीच्या पलीकडच्या जादा परवानग्या, त्यात येत नाहीत, त्यासाठी मोठा ‘एच’ आणि मोठा ‘ए’ वेगळे द्यावे लागतात. रूटपासून, म्हणजे सगळी सिस्टिम घेताना प्रॉक आणि सिस हे फोल्डर वगळा, त्यांतल्या फाइली डिस्कवर नसतातच.)

सांजवात, बहिणीचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. फोटो आणि कागदपत्रांना परवानग्या लागत नाहीत, हे खरं. एकाच डिस्कचे दोन भाग केले तर? एक एक्सफॅट, एक ईएक्सटी४.

सांजवात
एकाच डिस्कवर नको. दुसरा भाग दिसला की फॉरमॅटची तीच विचारणा तिच्यासमोर पुन्हा येणार, आणि त्या दिवशी फोन उचलायला मी असेनच असं नाही. कागदांची डिस्क वेगळीच हवी, वर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली.