आईचा बोन स्कॅन: सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवस

ए-३०४: नमस्कार. आईला परवा बोन स्कॅन सांगितलाय. चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले आहेत, आता महिनाभर कंबर दुखतेय. आईला विचारूनच इथे लिहितेय. कोणी हा स्कॅन करून घेतलाय का? चिठ्ठीवर ‘न्यूक्लियर मेडिसिन विभाग’ वाचल्यापासून ती गप्प आहे.

ए-६०२: कमरेचा एक्स-रे काढला का आधी?

ए-३०४: काढला. त्यात काही नाही म्हणाले. मग हे कशाला, तेच कळत नाही.

बी-१०२: ताई, राग मानू नका. माझ्या सुनेला सातवा महिना आहे. न्यूक्लियर म्हणजे रेडिएशन ना? काकू तपासणीहून आल्या की लिफ्टमध्ये वगैरे काही धोका आहे का?

सी-५०१: मी तीस वर्षं न्यूक्लियर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट होते. जरा सविस्तर लिहिते, वाचा सगळे.

आधी सूनबाईंबद्दल. वहिनी, विचारलंत ते बरं केलंत. बोन स्कॅनमध्ये शिरेतून टेक्नेशियम-९९एम नावाचं औषध अगदी कमी मात्रेत देतात. त्याचा किरणोत्सर्ग दर ६ तासांनी निम्मा होतो. म्हणजे १२ तासांनी पाव, २४ तासांनी सोळावा हिस्सा. शिवाय बराचसा भाग पहिल्या काही तासांतच लघवीवाटे निघून जातो. लिफ्टमधल्या एका मिनिटाने काही होत नाही. फक्त त्या दिवशी गरोदर बाईने आणि लहान मुलांनी काकूंना बिलगून तासन्‌तास बसू नये, दोन-तीन हात अंतर ठेवावं, एवढंच. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं. हा संसर्ग नव्हे. कृपया कुणी त्यांना टाळू नका. तपासणीहून आलेल्या माणसाला शेजाऱ्यांनी दार लावून घेतलेलं मी पाहिलंय, आणि त्याचं दुःख स्कॅनपेक्षा मोठं असतं.

बी-१०२: समजलं ताई. सुनेलाही वाचून दाखवते.

सी-५०१: आता एक्स-रेबद्दल. एक्स-रे आणि सीटी हाडाचा आकार दाखवतात. हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज कमी होईपर्यंत साध्या एक्स-रेत बिघाड नीट दिसत नाही. बोन स्कॅन हाडाचं काम दाखवतो. जिथे हाड नव्याने घडतंय, स्वतःची डागडुजी करतंय, तिथे औषध जास्त ओढलं जातं. गॅमा कॅमेरा शरीरातून येणारे किरण टिपतो आणि ती जागा ठळक उमटते. मुख्य म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतची सगळी हाडं एकाच वेळी बघता येतात. म्हणून एक्स-रे स्वच्छ असूनही हा सांगितला.

सी-२०५: पण मग सरळ पेट स्कॅनच का नाही सांगत? तो सगळ्यात पुढचा ना? मी तर म्हणतो सगळ्यांनीच वर्षातून एकदा करून घ्यावा.

सी-५०१: नाही हो दादा. पुढचा-मागचा असं नसतं, प्रश्न कोणता आहे त्यावर तपासणी ठरते. पेटमध्ये बहुतेक वेळा साखरेसारखं एक द्रव्य देतात, किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ लावलेलं, ११० मिनिटांत निम्मं होणारं. भुकेल्या पेशी ते खातात. कर्करोगाच्या पेशी भुकेल्या असतात हे खरं, पण मेंदू कायम भुकेला असतो, सूज आलेली गाठ असते, क्षयाची गाठसुद्धा असते. निरोगी माणसाच्या स्कॅनमध्ये असा एखादा ठिपका निघाला की पुढे सुया, बायोप्सी आणि दोन महिन्यांची झोप उडणं. उलट प्रोस्टेटच्या कितीतरी कर्करोगांत हे साखरेचं पेट फिकं पडतं, तिथे वेगळं द्रव्य वापरतात.

बी-४०३: हे माझ्याच बाबतीत झालंय. छातीतल्या गाठी पेटमध्ये लख्ख दिसल्या. घरात सगळ्यांनी रडून घेतलं. बायोप्सीत टीबी निघाला. औषधं घेतली, बरा झालो.

ए-३०४: ताई, रेडिएशन एकूण किती मिळतं? आईचा मुख्य प्रश्न हाच आहे.

सी-५०१: बोन स्कॅनचा डोस साधारण ४ ते ५ मिलीसिव्हर्ट (अंगाला मिळणारं रेडिएशन मोजायचं एकक). जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे दोनेक वर्षांत निसर्गाकडून मिळतं तेवढं. पोटाचा सीटीही बऱ्याचदा याहून जास्त देतो, पण त्याला कुणी घाबरत नाही, कारण त्याच्या नावात न्यूक्लियर नाही. एमआरआयचं मूळ नाव ‘न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स’ होतं. त्यात असा किरणोत्सर्ग मुळीच नाही, तरी लोक दचकतात म्हणून तो शब्द गाळला. इथे न्यूक्लियर म्हणजे अणूचं केंद्रक, बाकी काही नाही.

तयारी सांगते. उपाशी राहायचं नाही. इंजेक्शननंतर दोन ते चार तास थांबावं लागतं, तेवढ्यात भरपूर पाणी प्यायचं, वारंवार लघवीला जायचं. मूत्राशय भरलेलं असलं तर कटीची हाडं झाकली जातात. घरी आल्यावर त्या दिवशी दोनदा फ्लश करायचा, हात नीट धुवायचे. आणि वेळ चुकवू नका. हे औषध साठवून ठेवता येत नाही. ज्यातून हे टेक्नेशियम तयार होत राहतं ते मॉलिब्डेनम-९९ भरलेलं एक उपकरण असतं, जनरेटर म्हणतात, त्यातून आम्ही ते रोज सकाळी काढायचो. विभागात त्याला गाय म्हणायचो आणि कामाला धार काढणं. सकाळी काढलेलं दुपारपर्यंत निम्मं झालेलं असतं.

अजून एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तिथे फॉर्म भरून घेतील. पडणं, मार, जुनं फ्रॅक्चर, संधिवात, नुकताच काढलेला दात, सगळं लिहा. कॅमेऱ्याला फक्त हाड काम करतंय एवढंच कळतं, का करतंय ते कळत नाही.

ए-३०४: पडली वगैरे नाहीये. बाकी लिहिते. खूप आधार वाटला ताई.

(तिसऱ्या दिवशी संध्याकाळी)

ए-३०४: ताई, रिपोर्ट आला. ‘चौथ्या कंबरमणक्यात वाढलेलं अपटेक, एमआरआयशी पडताळून पाहावं.’ बाकी सगळी हाडं ठीक लिहिलंय. डॉक्टरांची वेळ उद्याची आहे. हात थरथरतायत माझे.

सी-२०५: देवा. म्हणजे पसरलाय?

सी-५०१: दादा, असं लिहू नका, आई हा ग्रुप वाचत असतील. आणि रिपोर्टमध्येही तसं लिहिलेलं नाही. अपटेक वाढलं म्हणजे तिथे औषध जास्त ओढलं गेलं, एवढंच.

ताई, मी खोटा धीर देणार नाही. पूर्वी कर्करोग झालेल्या माणसात मणक्यातला एकच ठिपका कशाचाही असू शकतो. आजाराचा असू शकतो. वयाने ठिसूळ झालेला मणका दबला असेल तर तसाच दिसतो, सांध्याची झीज असली तरी दिसतो. म्हणून तर एमआरआय मागितलाय. अस्थिमज्जेत काय आहे, मणका ताजा दबलाय का, ते त्यात कळेल. आईंना पेसमेकर किंवा अंगात धातूचं काही असेल तर तिथे आधी सांगा. जुने एक्स-रे आणि बोन स्कॅनची सीडी बरोबर न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको.

एक विचारू? दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते आईंनाच विचारा. एकट्या असताना.

ए-३०४: विचारते.

(वीस मिनिटांनी)

ए-३०४: ताई. दीड महिन्यापूर्वी ती बाथरूममध्ये घसरून बसली होती. आम्ही काळजी करू, एकटीला ठेवणार नाही, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. फॉर्म भरतानाही मी शेजारी होते म्हणून नाही म्हणाली. आता रडतेय.

सी-५०१: रडू दे. रागावू नका त्यांना. अजूनही एमआरआय करायचाच आहे, एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. पण उद्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा. आणि आत्ता स्कॅन विभागात फोन करून हे कळवा. रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर या माहितीसकट चित्रं पुन्हा बघतील.

ए-३०४: लावते फोन.

बी-१०२: उद्या डॉक्टरांकडे मी येऊ का सोबत? घरी सून आहे, तिच्याजवळ मुलगा थांबेल.

ए-३०४: या काकू. आईला बरं वाटेल.