मदत हवी आहे: बाबांच्या ऑडिओ सीड्या रिप करायला एक्स्टर्नल ड्राइव्ह कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी. बाबांच्या कपाटातल्या १८०च्या आसपास ऑडिओ सीड्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायच्या आहेत. बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, त्यातल्या निम्म्या छोट्या कंपन्यांनी काढलेल्या. नेटवर शोधून दमलो, मिळत नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी यूएसबीवर चालणारा एक पातळ डीव्हीडी रायटर मागवला. कंपनीचं नाव विचारू नका, ते खोक्यावरही धड नव्हतं. पंधरा-वीस सीड्या सुरळीत झाल्या, मग लक्षात आलं की घोळ होतो तो बहुतेक वेळा शेवटच्या ट्रॅकमध्ये. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटचा ट्रॅक कडेला. बोटांचे ठसे, ओरखडे सगळे तिथेच. आणि आपल्याकडे शेवटी काय असतं? भैरवी! तासभर सुरेख ऐकायचं आणि भैरवीत नेमकं समेवर येताना ‘टक्’. तीच सीडी बाबांच्या जुन्या प्लेअरवर छान वाजते.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सीडी उतरवायचं सॉफ्टवेअर वापरतोय, सिक्युअर मोडमध्ये (पुन्हा पुन्हा वाचून खात्री करतो), फाइली फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता). ॲक्युरेटरिप या ऑनलाइन यादीत इतरांच्या रिपशी ताळा होतो म्हणतात, पण आमच्या बहुतेक सीड्या त्या यादीत नाहीतच. म्हणजे ड्राइव्ह सांगेल ते खरं मानायचं. म्हणून ड्राइव्हच भरवशाचा हवा.

नावाजलेल्या कंपनीचा पातळ ड्राइव्ह घेऊ, की डेस्कटॉपमधला जाडा सव्वापाच इंची रायटर यूएसबीचा ॲडॉप्टर लावून वापरू? यूएसबी ३ लागेल का? बजेट तीन हजार.

अजून एक. आत्याच्या घरगुती मैफलीच्या दोन सीडी-आर (कॉम्प्युटरवर लिहिता येणाऱ्या कोऱ्या सीड्या) आहेत, २००४ साली लिहिलेल्या. वरचं कागदी स्टिकर कडेने सुटलंय आणि ड्राइव्हमध्ये घातल्या की खडखडतात. स्टिकर काढून टाकू का?

प्रतिसाद १

स्टिकरला अजिबात हात लावू नका! सीडीचा चमकणारा थर खालच्या बाजूला नसतो, लेबलाच्या लगेच खाली असतो. सीडी-आरचं स्टिकर ओढलंत तर गाण्यासकट हातात येईल. सुटलेली कड हलकेच दाबून बसवा आणि रिपचा वेग ४एक्स किंवा ८एक्सवर (वाजण्याच्या वेगाच्या चौपट किंवा आठपट) आणून बघा. सीडी एका बाजूला जड झाली की वेगात डुगडुगते, खडखड त्याचीच. या दोन आधी करा, बाकीच्या थांबतील.

ड्राइव्हचं म्हणाल तर जाडाच घ्या. पातळ्याला सगळी वीज यूएसबीतूनच ओढावी लागते. जाड्याला १२ व्होल्टही लागतात, त्यामुळे ॲडॉप्टर स्वतःच्या पॉवर सप्लायवालाच घ्या, नाहीतर ड्राइव्ह फिरायचाच नाही. यूएसबी ३ नको. ऑडिओ सीडी १एक्सला सेकंदाला १७६ केबी देते, २४एक्सला सव्वाचार एमबी. यूएसबी २ला ते सहज झेपतं.

प्लेअरचं गुपित असं की न वाचलेला तुकडा तो आजूबाजूच्या आवाजावरून भरून काढतो. तुम्हाला ऐकू येत नाही इतकंच.

प्रतिसाद २

पातळा टाकून देऊ नका. ‘टेस्ट अँड कॉपी’ने प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो, दोन्ही सीआरसी (वाचलेल्या माहितीवरून निघणारे पडताळणीचे आकडे) जुळायला हवेत. पण एकच ड्राइव्ह कधी कधी तीच चूक दोनदा करतो. म्हणून शंका असेल तो ट्रॅक दोन्ही ड्राइव्हवर काढा. ताळा करायला जग नसलं तरी दोन साक्षीदार झाले. त्याआधी दोघांचे रीड ऑफसेट (ड्राइव्ह नेहमी जितका पुढे-मागे वाचतो तो ठरावीक फरक) सॉफ्टवेअरमध्ये भरा, नाहीतर रिप बरोबर असूनही आकडे जुळणार नाहीत. एखाद्या गाजलेल्या हिंदी सिनेमाची सीडी घालून बघा, यादीत सापडली तर ऑफसेट आपोआप कळतो.

आणि सीडी गोल गोल पुसू नका, मधून कडेकडे सरळ पुसा. ट्रॅकच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा दुरुस्त होत नाही, आडवा बहुधा होतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. चुलतभावाच्या माळ्यावरच्या बंद डेस्कटॉपमधून रायटर फुकट मिळाला, ॲडॉप्टर तेवढा विकत आणला. आत्याच्या दोन्ही सीड्या ४एक्सवर उतरल्या, दोन्ही ड्राइव्हवर आकडे सारखे. अडलेल्या ११ भैरव्यांपैकी ८ जुळल्या. उरलेल्या तिन्हींच्या कडेला ट्रॅकच्याच दिशेने ओरखडे आहेत. पुण्यात कोणी डिस्क पॉलिश करून देतं का अजून?