स्कॅन काढून निदान का होत नाही

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या मेंदूची रचनाच वेगळी असेल तर सरळ एमआरआय काढून निदान का करत नाहीत, असा प्रश्न पडतो. कारण हे फरक गटांच्या सरासरीत दिसतात. एका मुलाच्या स्कॅनवरून ठाम काही सांगणं अवघड.

२०१७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेला अभ्यास पाहण्यासारखा आहे. मोठं भावंड स्वमग्न असलेल्या बाळांचे झोपेत स्कॅन घेतले, ६, १२ आणि २४ महिन्यांची असताना. ज्यांना पुढे स्वमग्नतेचं निदान झालं, त्यांच्या मेंदूच्या बाह्यपटलाचं (सर्वात बाहेरच्या थराचं) क्षेत्रफळ ६ ते १२ महिन्यांत जास्त वेगाने वाढलं होतं. मेंदूचं एकूण आकारमान जास्त वेगाने वाढलं ते दुसऱ्या वर्षात. मला यात महत्त्वाचा वाटतो तो वाढीचा वेग. एकदाच काढलेल्या फोटोत तो कसा सापडणार?

मोठ्या वयात तर चित्र आणखी धूसर होतं. ‘अबाईड’ या मेंदूच्या स्कॅनच्या संग्रहाच्या पहिल्या भागात स्वमग्न आणि इतर अशा १,११२ जणांचे स्कॅन आहेत. त्यावरच्या एका विश्लेषणात रचनेतले फरक किरकोळच निघाले. (मूल हललं की बाह्यपटल आहे त्यापेक्षा पातळ दिसतं, हा घोटाळा वेगळाच!)

डॉक्टर कधी एमआरआय सांगतात, ते फिट्स वगैरेंचं कारण शोधायला. निदान होतं ते मुलाला पाहून, त्याच्याशी खेळून आणि आईवडिलांशी बोलून.