मदत हवी आहे : अपंग मुलीला सहज बसवता येईल अशी गाडी

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नियंत्रण न राहणे) असून तिला उचलूनच गाडीत बसवावे लागते. वजन 24 किलो आहे. सध्याच्या हॅचबॅकमध्ये वाकून बसवताना तिचे पाय दरवाजाच्या चौकटीला घासतात, आणि पाठदुखीमुळे पत्नीला हे एकटीने जमत नाही. मारुती ईको व्हॅनचा सरकता दरवाजा अरुंद पार्किंगमध्ये फार उपयोगी वाटला, पण आत चढवणे उंच पडले. सात आसनी सीएनजी अर्टिगात मागे गॅसची टाकी असल्याने तिसरी रांग उघडी ठेवल्यास घडीची व्हीलचेअर मागे मावली नाही. घरात पाच माणसे, अंदाजपत्रक 12 लाख, जुनी गाडीही चालेल. बाहेर वळणारे आसन कोणी बसवून घेतले असल्यास कृपया सांगावे : त्याची आरसीत नोंद करावी लागली का, विम्याला अडचण आली का, आणि आसन वळवताना मुलीचे गुडघे दारात अडकतात का?