जुलैचा पत्त्यांच्या जादूचा वर्ग: कॅट इथून घ्यायचे की तिकडून आणायचे?

प्रेषक: बेबीताई (नेरुळ)

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय. भाऊंचे अमेरिकेहून विमान गुरुवारचे आहे आणि बॅगा बुधवारी बंद होणार, म्हणजे जे ठरायचे ते मंगळवारपर्यंत. हॉल मिळाला, आमच्याच सोसायटीचा, जुलैचा दुसरा शनिवार, तीन ते सहा. तिकडून सुट्टीला आलेली मुले आणि ठाण्याकडची त्यांची मावस-चुलत भावंडे मिळून वीस-बावीस होतील, वय आठ ते तेरा. बंटी शिकवणार हे मागेच ठरले आहे, त्यावर पुन्हा चर्चा नको.

अडलेय ते पत्त्यांवर. वाशी स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी नमुन्याला एक कॅट आणला, प्लास्टिक कोटेड, दिसायला छान. बंटीने हातात घेतला, एकदा पसरला आणि "हे नकोत" म्हणाला. का, ते त्यानेच लिहावे. पतंगांच्या वेळी झाले तसे आयत्या वेळी व्हायला नको.

बेबीताई


प्रेषक: बंटी (ऐरोली)

ताई, लिहितो.

जादूत पत्ता सुटा सरकला पाहिजे, आणि दोन पत्ते मुद्दाम एकत्र धरले तर ते एकच वाटावेत इतके जुळून राहिले पाहिजेत. गुळगुळीत प्लास्टिकचे पत्ते नवे असताना निसटतात, आणि जुलैच्या हवेत मुलांच्या घामट हातांत थोड्याच वेळात गठ्ठ्याने चिकटतात. पंखा करायला गेलं की पाच-सहा पत्ते एकत्र, मग मोठी फट. हाताला काय चुकतंय हे मुलाला कळत नाही, त्याला वाटतं आपल्याला जमत नाही. शिकणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

मला हवेत ते अमेरिकेतले बायसिकल रायडर बॅक छापाचे पत्ते. ते कागदाचे आहेत. पृष्ठभागावर बारीक खळगे दाबलेले असतात, त्यात हवा राहते, त्यामुळे पत्ते एकमेकांवरून एकसारखे सरकतात. दुसरं म्हणजे पाठीच्या नक्षीभोवती पांढरी किनार आहे. कॅटमध्ये एक पत्ता उलटा ठेवून बाकीचे पसरले तर किनारीला किनार मिळते आणि उलटा पत्ता लक्षात येत नाही. नक्षी कडेपर्यंत गेलेल्या पत्त्यांत त्याची पांढरी कड लगेच डोळ्यात भरते. निम्म्या पहिल्या जादू याच्यावर चालतात.

हा छाप १८८५ पासूनचा आहे, तिकडे घराघरांत असतो. मुलं परत गेल्यावर शाळेत काढतील तेव्हा कुणी "बघू, खास पत्ते आहेत का?" म्हणून संशय घेणार नाही. निम्मे लाल, निम्मे निळे आणा. काळे, सोनेरी, कवट्यांची चित्रं असलेले कॅट कृपया नकोत, त्यात बदाम कुठला आणि इस्पिक कुठलं हेच पटकन कळत नाही.

बंटी


प्रेषक: नाना (नौपाडा)

मंडळी,

आमच्या पिढीने मेंढीकोट, बदाम सात, तीनशे चार हे सगळे इथल्याच पत्त्यांवर केले. प्लास्टिकचे पत्ते ओल्या फडक्याने पुसता येतात, पावसाळ्यात फुगत नाहीत. कागदाचे पत्ते ठाण्याच्या हवेत पंधरा दिवसांत वाकतात, हे बंटीलाही माहीत आहे. अमेरिकेतून पत्ते वाहून आणायचे आणि महिन्याभरात ते गणपतीच्या जेवणावळीतल्या पत्रावळीसारखे वाकडे झालेले बघायचे, याला अर्थ नाही.

आकाराचेही पाहा. बायसिकल पोकरच्या मापाचा, ६३ मिलिमीटर रुंद. ब्रिजच्या मापाचा पत्ता ५७ चा. आठ वर्षांच्या मुलाच्या मुठीत हे सहा मिलिमीटर फार असतात. ब्रिजच्या मापाचे इथेच घ्या.

आणि खरी जादू कुठल्याही पत्त्यांवर झाली पाहिजे. पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी जगभर प्रयोग केले, त्यांच्या पुढ्यात पत्ता कुठल्या कंपनीचा आहे हे कोणी विचारायला गेले नाही.

नाना


प्रेषक: माई (पाचपाखाडी)

> आमच्या पिढीने मेंढीकोट, बदाम सात, तीनशे चार हे सगळे इथल्याच पत्त्यांवर केले

नाना, मेंढीकोटात पत्ता टाकायचा असतो, लपवायचा नसतो. दोन्ही एक कसे? माझा मोठा भाऊ गच्चीवर आम्हाला जादू दाखवायचा, त्याचे पत्ते वेगळे असायचे आणि त्यांना आम्ही हात लावलेला त्याला चालायचा नाही. चिकटायला लागले की कॅरमची बोरिक पावडर लावायचा. तेच करावे, डबा घरोघरी असतो.

दुसरे, पत्त्यांवर मुलांना बोलवतच आहोत तर सावंतवाडीचा गंजिफा दाखवावा. माझ्याकडे दशावतारी संच आहे, गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा असे १२०. हाताने रंगवलेले. मुलांना कळू दे की पत्ते आपल्याकडेही किती सुंदर होत होते. फक्त मी समोर बसून दाखवीन, संच कुणाच्या हातात देणार नाही.

माई


प्रेषक: बंटी

माई, गंजिफा नक्की आणा, सुरुवातीची पंधरा मिनिटं तुमची.

बोरिक पावडर मात्र नको. ती दाणेदार असते, पत्त्याच्या कडांत बसते आणि लहान मुलं बोटं तोंडात घालतात. पंखा करणारे जादूगार पत्त्यांना पावडर लावतात ती झिंक स्टिअरेटची. आपल्याला तीही लागणार नाही. हात धुवून बसायचं, पत्ते कॅटच्या डबीत ठेवायचे. रबर बँड लावायचं नाही, त्याने कडा दबतात आणि नेमके तेच पत्ते वेगळे दिसायला लागतात.

नाना, वाकण्याचं तुम्ही बरोबर म्हणालात. वाकलेला कॅट उलट बाजूने हलका वाकवून रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवला की पुष्कळ सुधारतो. तरीही कागदाचा कॅट सरावाने संपतोच, तो तसा संपावा. मापाबद्दल मी ऐकणार नाही. मूल अजून पत्ता तळहातात लपवणार नाहीये. डाव्या हातात कॅट धरून उजव्याने पिसायचं, ते मोठ्या मापाने उलट नीट शिकलं जातं, आणि दोन वर्षांत हात मोठा होतो.

"कुठल्याही पत्त्यांवर" हे मात्र मला मान्य आहे, म्हणून पहिल्या तासाला प्रत्येकाने घरचाच कॅट आणावा. एकवीस पत्त्यांची जादू कुठल्याही पत्त्यांवर होते: पत्ते उघडे, आडव्या ओळीने तीन रांगांत वाटायचे, मनात धरलेला पत्ता कुठल्या रांगेत ते विचारायचं, ती रांग बाकी दोघींच्या मध्ये घालून उचलायचं. असं तीनदा. तो पत्ता वरून अकरावा येतो. चिकट पत्ते असोत, फाटका गुलाम असो, हात शिकलेला असो-नसो. मुलाला घरी जाताना एक पूर्ण जादू येत असते. दुसऱ्या तासापासून नवे कॅट.

बंटी


प्रेषक: अण्णा (वाशी)

पत्त्यांवर इतकी चर्चा झाली, पुस्तकांचे कोणी काढलेच नाही. मंडळाचे कपाट परत आल्यापासून माझ्या घरी आहे, म्हणून लिहितो.

कार्ल फुल्व्ह्ज यांचे 'सेल्फ-वर्किंग कार्ड ट्रिक्स' (१९७६) कपाटात आहे. यातल्या जादूंना हातचलाखी लागत नाही, क्रम पाळला की झाले. ह्युगार्ड आणि ब्राउए यांचे 'रॉयल रोड टू कार्ड मॅजिक' भाऊंनी आणावे. ते पहिल्याच प्रकरणात साध्या पिसण्यापासून सुरू होते, आणि प्रत्येक युक्ती शिकवल्यावर तिच्यावर चालणाऱ्या जादू देते. केवळ युक्त्यांची यादी नाही, हीच त्याची थोरवी. इंग्रजी जुन्या वळणाची आहे, आईबापांनी बरोबर बसून वाचावी लागेल. लहानांना मार्क विल्सन यांचा मोठा ग्रंथ (१९७५) आवडेल, चित्रे भरपूर, शिवाय नाणी, दोऱ्या सगळे आहे.

एस. डब्ल्यू. अर्डनेस यांचे १९०२ चे पुस्तक कोणीतरी सुचवेलच. या टोपणनावामागचा लेखक कोण होता हे आजवर नक्की कळलेले नाही, त्यामुळे लोकांना त्याचे फार आकर्षण. ते मुलांच्या हाती देऊ नये. निम्मे पुस्तक जुगारी टेबलावरच्या लबाडीचे आहे. रोबेर्तो जॉब्बी यांचे अनेक खंडांचे 'कार्ड कॉलेज', मूळ जर्मन, ते पुढे ज्याला खरोखर लागेल त्याने घ्यावे.

कपाटातले पुस्तक वहीत नोंद केल्याशिवाय कोणी नेऊ नये. बंटीनेसुद्धा.

अण्णा


प्रेषक: धाकटी वहिनी (घोडबंदर रोड, ऑगस्टपर्यंत)

अण्णा, वाचणार कोण हो? माझा मुलगा व्हिडिओवरून शिकतो. अडचण अशी की तो एक बघतो, गुपित कळलं की पुढचा लावतो. दहा जादूंची गुपितं त्याला सांगता येतात, करून एकही दाखवता येत नाही. शिवाय समोरचा उजव्या हाताने करतो ते याला आरशासारखं डावीकडे दिसतं, मग पत्ता भलत्याच हातात. बंटी, यावर काय करू?

आणि त्याने एका प्रदर्शनातून "जादूचे पत्ते" म्हणून कॅट घेतलाय, कसाही पसरला तरी काढलेला पत्ता चौकट नव्वीच. तो आणला तर चालेल का?


प्रेषक: बंटी

वहिनी, त्याला स्वेंगाली कॅट म्हणतात. एक सोडून एक पत्ता तोच असतो आणि तो किंचित आखूड कापलेला असतो, म्हणून फर्रकन सोडताना वेगळेच पत्ते दिसतात. वस्तू फार हुशारीने बनवलेली आहे, पण वर्गाला नको. "मी जरा बघू?" म्हणून कुणी हात पुढे केला की ती जादू संपली. साधा कॅट कुणाच्याही हातात देता येतो, त्याची धिटाई मुलाला आधी यावी.

व्हिडिओबद्दल: एकच जादू ठरवा. ती आजीला, शेजारच्या काकांना, मित्राला अशी दाखवून झाल्याशिवाय पुढचा व्हिडिओ लावायचा नाही. आणि शक्यतो करणाऱ्याच्या खांद्यामागून घेतलेलं चित्रण शोधा, म्हणजे हात आपल्याच बाजूने दिसतात. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी पुस्तक जास्त उपयोगी. वाचताना थांबावं लागतं, आणि थांबलं की हात चालतो.


प्रेषक: नाना

> साध्या पिसण्यापासून सुरू होते

अण्णा, पिसायला पुस्तक कशाला? या मुलांना पत्ते पिसायला आजी-आजोबांनी शिकवावे. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, १८९३ पासूनची संस्था आहे, जाऊन जादूवर मराठीत काय मिळते ते मी बघून येतो. मुले इंग्रजीच वाचतात हे गृहीत धरून आपण चाललो आहोत, ते मला पटत नाही. ठाण्याची भावंडे मराठीच वाचतात.


प्रेषक: अण्णा

नाना, पिसण्यावर तर मोठे गणित आहे. पर्सी डायकोनिस मुळात जादूगार, पुढे गणिती झाले. त्यांनी आणि डेव्ह बेअर यांनी १९९२ मध्ये दाखवले की कॅटचे दोन भाग एकमेकांत गुंफून पिसले तर सातएक वेळात तो पुरेसा मिसळतो. आपण हातात धरून वरचेवर गठ्ठे टाकत पिसतो, तसे केले तर हजारो वेळा पिसावे लागेल.


प्रेषक: बंटी

अण्णा, हेच मला मुलांना दाखवायचंय! आपलं घरचं पिसणं पत्ते फारसे हलवतच नाही, शेजारी बरेचदा शेजारीच राहतात. आणि कापण्याने तर क्रम अजिबात मोडत नाही, फक्त सुरुवात बदलते. तळाचा पत्ता आपण चोरून बघायचा, समोरच्याने आपला पत्ता वर ठेवायचा आणि कॅट कापायचा, हवा तितक्या वेळा. मग वरून एकेक उघडत गेलं की आपण पाहिलेल्या पत्त्याच्या लगेच नंतरचा त्याचा. दुसऱ्या तासाला हेच शिकवणार आहे. कापूनही पत्ता हरवला नाही, हे मुलाला आधी खरंच वाटत नाही. त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

नाना, मराठीत एका पानाचं टिपण मी लिहितो. तुम्ही तपासून द्याल का? इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे तिकडच्या मुलांना आधी सांगावं लागेल.


प्रेषक: नाना

देतो. पण मग माझेही ऐक: दहा कॅट इथल्या प्लास्टिकचे घ्यायचे, सोसायटीत ठेवायला. रोज संध्याकाळी मुले खाली बसतात, पाऊस येतो, तिथे तुझे कागदाचे टिकणार नाहीत.


प्रेषक: भाऊ (तिकडून)

मंडळी, मला फक्त आकडा सांगा. एक कॅट साधारण शंभर ग्रॅमचा, दोन डझन म्हणजे अडीच किलो धरा. माझ्या २३ किलोत बसतात. डझनाचा खोका इथे लाल-निळा मिश्र मिळतो. पुस्तकही घेतो, पण अण्णा, ते मंडळाचे की माझे? पैसे कोण देणार ते सचिवांनी सांगावे.


प्रेषक: सचिव

पुस्तक मंडळाचे, कपाटात जाईल. कॅटबद्दल: मंडळाच्या पैशाने घेतले तर वर्गानंतर परत जमा व्हावेत असे माझे मत. गेल्या वेळच्या लेझीमचे काय झाले सर्वांना माहीत आहे.


प्रेषक: बंटी

सचिवसाहेब, कॅट परत घ्यायचा असेल तर वर्गच नको. तीन तासांत फक्त ओळख होते, शिकणं घरी, त्याच कॅटवर. मुलाने तो रोज उशाशी ठेवला पाहिजे. पालकांनी आपापल्या कॅटचे पैसे द्यावेत, मंडळाने एक पैसा घालू नये.


प्रेषक: बेबीताई

पुरे आता, मंगळवार आहे. दोन डझन भाऊ आणणार, पालक पैसे देणार, कॅट मुलांचाच. पहिल्या तासाला सगळ्यांनी घरचे पत्ते आणायचे, जोकर काढून, मोजून बावन्न. नानांचे दहा प्लास्टिकचे मी जांभळी नाक्यावरून घेते, ते सोसायटीच्या कपाटात. माई पंधरा मिनिटे. अण्णा फुल्व्ह्ज आणि वही दोन्ही आणतील. टिपण शुक्रवारपर्यंत नानांकडे.

वहिनी, तो स्वेंगाली घरीच ठेवा.


प्रेषक: भाऊ

घेतले. बारा लाल, बारा निळे, आणि 'रॉयल रोड'. दोन्ही खोक्यांची सीलं तशीच ठेवतो, मुलांनाच फोडू दे. नेरुळला पूर्वेच्या गेटने यायचे की पश्चिमेच्या?